हंबीररावांचा हिरवा हात

१

वाळत घातलेल्या पांढऱ्या मांजरपाटावर तांबडे शिंतोडे दिसले तेव्हा सकवारकाकूनं आधी एक सणसणीत शिवी हासडली. चाळीस वर्षं रंगाऱ्याच्या घरात काढलेली बाई. तांबडा डाग म्हणजे कुणीतरी रंगाची बादली हिंदकळवली, एवढंच तिच्या डोक्यात येणार. तिनं कापड बाजूला सारलं आणि पुढची शिवी तोंडातच राहिली. खाली एक माणूस पालथा पडला होता. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, आणि डोक्याचा मागचा भाग फुटून मातीत मिसळलेला. माशा आल्या होत्या.

ही गोष्ट मार्च १९६१ची. बंगळूरच्या कॉटनपेटेतलं आवार, दुपारचे तीन.

मी पद्मावती. वकील. त्या काळी बंगळूरच्या कोर्टात काळा कोट घालणाऱ्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजता यायच्या, आणि त्यांतली सगळ्यात तिरसट कोण असं विचारलं असतं तर कुणीही माझंच नाव सांगितलं असतं. सांगू देत. आमचं घराणं भावसार रंगाऱ्यांचं, कैक पिढ्या इथलं. घरात मराठी, दारात कन्नड. माझ्या वडिलांना चितेवर ठेवलं तेव्हाही त्यांचे हात कोपरापर्यंत निळे होते. सकवारकाकूचे यजमान हंबीरराव हे त्यांचे जुने जोडीदार. मी त्यांना काका म्हणते.

मेलेल्या माणसाचं नाव विश्वासराव. सरकारी कारखान्यात इंजिनियर, मूळचा पुण्याचा, चार महिन्यांपूर्वी बदलीवर आलेला. कागदोपत्री आवार त्याचं, चुलत्याकडून आलेलं. पण त्यात बांबू पुरून, दोऱ्या बांधून, रोज कापड वाळवत होते काका. एक एप्रिल १९४९पासून. म्हणजे बारा वर्षं पुरी व्हायला तीन आठवडे उरले होते.

इथला कायदा सोपा आहे, सांगून टाकते. दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षं उघडपणे, हक्कानं बसलात आणि मालकानं दावा लावला नाही, तर जमीन तुमची. मात्र उघडपणे. लपून शंभर वर्षं बसलात तरी शून्य. आणि मालकाची परवानगी घेऊन बसलात तरीही शून्य, कारण मग तुम्ही पाहुणे. महिन्यापूर्वी काका माझ्याकडे आले तेव्हा मी टेबलावर हात आपटून बजावलं होतं, "काही झालं तरी मालकाकडे परवानगी मागायची नाही. एक शब्द तोंडातून गेला की बारा वर्षं पाण्यात!"

परवानगी कसली मागताहेत! त्या दिवशी सकाळी दहाला विश्वासराव पहिल्यांदाच जागेवर आला, बांबू आणि कापडं बघून भडकला आणि त्यानं खिशातल्या चाकूनं एक दोरी कापली. ओलं कापड धुळीत पडलं. काकांनी अख्ख्या गल्लीसमोर त्याच्या दोन मुस्काटात ठेवून दिल्या. वर ओरडले, "पुन्हा पाय ठेवलास तर इथंच गाडीन!"

पाच तासांनी तो तिथंच पडलेला. पोलीस यायच्या आत जमावानं काकांना घरातून ओढून काढलं आणि बांबूंनी झोडपलं. त्यांचे पुढचे दोन दात पायरीवर सापडले, ते काकूनं पदराच्या गाठीत बांधले.

आणि संध्याकाळी पोलिसांनी आवाराच्या कडेला असलेल्या काकांच्या नीळघरातला, म्हणजे कापड निळीत बुडवायच्या खोलीतला, तिसरा रांजण उपसला. तळाशी पहार निघाली, बांबूचे खड्डे खणायची. तिच्या टोकाला माणसाचे केस अडकलेले होते.

२

"लॉयरम्मा, स्वल्प बसा," इन्स्पेक्टर देवाप्पा म्हणाले. निपाणीकडचा माणूस, मराठी आपल्यासारखीच बोलायचा. "आणि ओरडू नका. कालपासून डोकं धरलंय माझं."

"काकांचा डावा डोळा काल उघडा होता. आज मिटलाय. कुणी मिटवला?"

देवाप्पांनी फाइल उघडली. त्यांच्या हवालदाराच्या मनगटाला बांधलेली पट्टी मला दिसत होती. मला इतका संताप आला की टेबलावरचं पेपरवेट उचलून मी पुन्हा खाली ठेवलं.

"ऐका," ते म्हणाले. "म्हाताऱ्यानं थप्पड मारली ती उघड. तशीच रागाच्या भरात पहार घातली असती आणि तिथंच उभा राहिला असता, तर मीच लिहिलं असतं, भडकला, हात सुटला. फाशी टळली असती. पण ह्यानं पहार लपवली. लपवली म्हणजे आपण काय केलंय ते कळत होतं. मारणं एक, लपवणं दोन. जज्ज दुसऱ्यावर फास देतो."

उघड वागणाऱ्याला कायदा एक संधी देतो. लपवणाऱ्याला देत नाही.

"रांजणात बघा म्हणून कुणी सांगितलं?"

"मधुकर दस्तलेखकानं."

मधुकर म्हणजे नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात बसून लोकांची खरेदीखतं, मृत्युपत्रं लिहून देणारा. वीस वर्षं तिथंच बसलेला. आवारावर विश्वासरावच्या वतीनं लक्ष ठेवायचं कामही त्याच्याकडेच होतं.

देवाप्पांनी त्याचा जबाब वाचून दाखवला. 'मी दुपारी अडीचच्या सुमारास आवाराच्या फाटकाशी गेलो असता हंबीरराव नीळघराच्या दारातून बाहेर येताना दिसला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत हिरवा होता व त्यातून थेंब गळत होते. त्याची मुद्रा पाहून मी घाबरून परत फिरलो.'

वाचून झाल्यावर देवाप्पा हसले. "नीळघरातून निघालेला हात, आणि म्हणे हिरवा! कोर्टात सोलून काढा त्याला. तुमचं काम सोपं केलंय त्यानं."

मला हसू आलं नाही. देवाप्पांना ठाऊक नव्हतं ते मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. झाकलेल्या रांजणात नीळ निळी नसते. पोपटी-हिरवी असते. त्यातून कापड काढा, हात काढा, हिरवाच निघतो. मग उघड्यावरची हवा लागते आणि दोन-चार मिनिटांत तो आपल्या डोळ्यांदेखत निळा होतो. रंगाऱ्यांच्या बाहेर हे कुणी बघितलेलंच नसतं. कल्पनेनं जबाब रचणारा माणूस 'निळा' म्हणाला असता.

म्हणजे मधुकर खोटं बोलत नव्हता. त्यानं रांजणातून निघालेला हात खरोखरच पाहिला होता.

मी बाहेर आले तर मधुकर ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावरच बसला होता. उठून उभा राहिला. "नमस्कार ताई. फार वाईट झालं." मार्चचं ऊन रणरणत होतं आणि ह्यानं गळाबंद कोट घातलेला, नवा कोरा, बाह्या पार बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या. बोटं नेहमीसारखी शाईनं माखलेली.

"जुना कोट कुठाय?" मी उगाच विचारलं. त्याचा तो विटका कोट सगळ्या कचेरीच्या ओळखीचा होता.

"धोब्यानं जाळला हो," तो म्हणाला.

३

काका गजांना धरून उभे होते. बसता येत नव्हतं. तोंड सुजून दुप्पट झालेलं, शब्द दातांच्या फटीतून शिट्टीसारखे निघत होते.

"खरं सांगा," मी म्हणाले. "काल दुपारी रांजणात हात घातला होता?"

"दुपारी? खुळी का काय तू पद्मे? रंगाऱ्याची ना तू?"

बरोबर होतं. सकाळी कापडं बुडवून झाली की रांजणांवर झाकणं घालायची आणि तीनपर्यंत कुणी तिकडं फिरकायचं नाही, ही आमच्यातली रीत. नीळ विसाव्याला बसते. त्या वेळी ढवळली, हवा शिरली की रांजण मरतो. मेलेला रांजण चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी घालून जिवंत करायला पंधरा दिवस लागतात.

"पहार टाकली म्हणतात. तिसऱ्या रांजणात ना? तो रांजण जगलाय का गं?"

"मेला तो," मी म्हणाले.

एवढा मार खाऊन न रडलेला माणूस तेव्हा रडला. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

"काका, ते फासावर द्यायला निघालेत तुम्हाला, आणि तुम्ही रांजणासाठी रडताय! थप्पड मारायची काय गरज होती? 'गाडीन' म्हणायची काय गरज होती? आता सगळी गल्ली साक्षीला येईल!"

"येऊ दे की. मारली ती मारली. दहा जणांसमोर मारली. मी नाही म्हणणार नाही." त्यांनी गजावरची मूठ आवळली. निळी-काळी, चामड्यासारखी झालेली मूठ. "पण मागनं डोक्यात घालून, हत्यार लपवून, वर घरी येऊन पिठलं-भाकरी खाणारा माणूस मी नव्हे. हे तुला सांगावं लागतंय का?"

मला सांगावं लागत नव्हतं. कोर्टाला लागणार होतं, आणि कोर्टात काकूची साक्ष कोण धरणार? बायको ती.

"मधुकर काय म्हणायचा तुम्हाला?"

"वर्षातनं एकदा येऊन बघून जायचा. म्हणायचा, धन्याला कळवलंय, त्यांना काही अडचण नाही. मला खरं वाटायचं. लपवलंय काय मी? कापडं आभाळाखाली होती."

मी निघाले तेव्हा हवालदार किल्ल्या वाजवत, पट्टीचं मनगट चोळत आत चालला होता. मी त्याच्या वाटेत उभी राहिले. म्हणाले, "उद्या येऊन मी त्यांचे वळ मोजणार आहे. एक जरी वाढला तर तुमची नोकरी खाईन." तो थांबला. पण मी रोज तिथं उभी राहू शकत नव्हते, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

४

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेले. विश्वासरावच्या विधवेचं नाव नयना. दार तिच्या दिरानं, चंद्रकांतनं उघडलं. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, गोरेपान हात, डोळे लाल.

"खुन्याची वकील? इथं?" असं म्हणून त्यानं हातातला पितळी तांब्या माझ्या डोक्याच्या दिशेनं फेकला. कानाला चाटून तो भिंतीवर आपटला. पाठोपाठ तो अंगावर आला, माझा दंड पिरगाळला. मी वकिली शिकले त्याआधी गल्लीत वाढलेय. त्याच्या पायावर टाच रोवली तेव्हा त्यानं सोडलं.

"चंदू, आत जा!" नयना ओरडली. मग माझ्याकडे वळली. रडून रडून तिचा आवाज गेला होता. "बसा. मला ऐकायचंय तुम्ही काय म्हणता ते. चंदूला ती जागा विकायची होती, ह्यांना घर बांधायचं होतं. त्यावरून रोज भांडणं. म्हणून आता गिल्टी वाटतंय त्याला."

"त्या दिवशी यजमान मार खाऊन घरी आले होते?"

"हो. गाल सुजलेला. मी म्हटलं, पोलीस कंप्लेंट करू. तर म्हणाले, 'थप्पड मारणारा निदान समोर उभा राहून मारत होता. पत्रं लिहिणारा बारा वर्षं पाठीमागून मारतोय.' मधुकरची सगळी पत्रं घेतली आणि तसेच गेले. म्हणाले, त्याला आवारातच बोलावतो, कापडांसमोर उभं करून विचारतो."

प्रेताजवळ एकही पत्र सापडलं नव्हतं. हे मी पंचनाम्यात वाचलं होतं.

"एखादं राहिलंय का?"

यंदाचं राहिलं होतं, हिशेबाच्या वहीत बुकमार्क म्हणून. मी वाचलं. 'आवार बंद आहे. कुलूप शाबूत. आत गवत माजले आहे, मनुष्यवस्ती नाही. पूर्वेच्या विहिरीवरील उंबराची उत्तरेकडची फांदी दिवाळीत मोडून पडली.'

मी ते तीनदा वाचलं. कुलूप खोटं, गवत खोटं, मनुष्यवस्ती नाही हे तर धडधडीत खोटं. पण उंबराची फांदी खरोखरच दिवाळीत मोडली होती, त्याखाली काकूची बादली चेपली होती.

वीस वर्षं दस्त लिहिणाऱ्याची ही खोड. बनावट कागदातसुद्धा चतुःसीमा अचूक टाकायची. एक तपशील असा खरा घालायचा की त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जावं.

मग जबाबातही त्यानं तेच केलं असणार. त्यातला खरा तपशील कोणता? हिरवा हात. बाकीचं सगळं खोटं, तर मग हात कुणाचा?

आणि माझ्या डोळ्यांसमोर लॉकअपचे गज आले. गजांवरची काकांची मूठ आली.

"टेलिफोन कुठाय?" मी ओरडले. नयना दचकलीच. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मी देवाप्पांना फोन केला. "नीळघरात या. आत्ता. तुम्हाला हिरवा हात दाखवते."

५

आवारात काकू कापड वाळत घालत होती. तिन्ही दिवस तिनं एक सकाळ चुकवली नव्हती. गल्लीतले लोक थुंकत होते, काल कुणीतरी दगड मारला होता, कपाळावर खोक पडलेली. तरी दोऱ्या भरलेल्या. लोक म्हणत होते, नवरा फासावर चाललाय आणि ह्या बाईला कापडं सुचतायत.

"तूच म्हणालीस ना, बारा वर्षांत एक दिवस तुटायचा नाही म्हणून," ती मला म्हणाली. "हात थांबले तर मीच खचून पडेन गं. चालू दे हे."

मी तिला नीळघरात नेलं. बुटकी, अंधारी खोली, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले चार रांजण, वर एकच झरोका. मी चौथ्याचं झाकण काढलं.

"काकू, हात बुडव."

तिनं कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला. चाळीस वर्षांचा निळा हात. आत गेला तसाच बाहेर आला, निळा-काळा. फक्त ओला.

मग मी ब्लाउजची बाही वर केली आणि माझा हात बुडवला. बाहेर काढला तो कोवळ्या पानासारखा हिरवागार.

"आता कळलं?" मी म्हणाले. "निळ्या हातावर हिरवा दिसतच नाही! मधुकरनं काकांचा हात हिरवा पाहिलाच नाही. दिसणं शक्यच नाही. हिरवा दिसतो तो कोऱ्या कातडीवर. त्यानं पाहिला तो स्वतःचा हात!"

"अय्यो देवा," काकू म्हणाली, आणि बाहेर लोखंडी फाटक वाजलं. "आले वाटतं इन्स्पेक्टर. त्यांना मी घेऊन येते." ती गेली.

पण ती गेली पुढच्या दारानं. मागच्या दारानं जो आत आला तो देवाप्पा नव्हता.

"काकू कुठायत?" मधुकर म्हणाला. हातात स्टँपपेपर होता. "म्हटलं, वाद नको. आवार सोडल्याच्या कागदावर अंगठा दिला तर त्यांनाही बरं. खर्चाला काहीतरी—"

तो थांबला. तो माझ्या हाताकडे बघत होता. हात अर्धा हिरवा होता, मनगटापासून निळा होत चालला होता.

मला गप्प बसता आलं असतं. शहाण्या माणसानं बसावं. पण मी कधी गप्प बसलेय?

"मधुकरराव," मी म्हणाले, "उन्हाळ्यात एवढा कोट कशाला? जरा बाही वर करा की."

त्यानं मागचं दार लावून कडी घातली. मग माझा अंबाडा धरला आणि माझं डोकं रांजणात दाबलं.

नीळ म्हणजे चुन्याचं पाणी. डोळे मिटले तरी आग आग होते. नाकातोंडात गेलं, छाती फुटायला आली. मी मागं लाथा झाडल्या, एक त्याच्या नडगीवर बसली, त्यानं माझं कपाळ रांजणाच्या काठावर आपटलं आणि पुन्हा खाली दाबलं. ह्याच हातांनी त्यानं विश्वासरावला मागून मारलं होतं. मरताना माणसाला मोठे विचार सुचतात म्हणतात. मला एवढंच वाटलं, हा मला मारणार, लपवणार आणि उद्या जबाबही देणार.

मग काहीतरी कडाडकन मोडलं आणि मानेवरचा हात सुटला.

मी वर आले. काकू उभी होती, हातात कुंदीची मोगरी, कापडाला कुटून चकाकी आणायची तिची ती दोन हातांची लाकडी मोगरी. मधुकर जमिनीवर पडून ओरडत होता. त्याचा उजवा हात कोपराशी भलतीकडेच वळला होता. काकूनं मोगरी पुन्हा उचलली.

"काकू, नको!"

"दोन दात," ती म्हणाली. "माझ्या माणसाचे दोन दात पदरात घेऊन फिरतेय मी."

ती मारणारच होती. दाराशी देवाप्पा उभे होते, तेही तिला अडवायला हलले नाहीत, कारण ते माझ्याकडे बघत होते. तोंड उघडं पडलेलं. माझं अख्खं तोंड हिरवं होतं. त्यांच्या समोर ते आधी कपाळावर, मग नाकावर, मग गालांवर निळं होत गेलं.

"सरी," देवाप्पा हळूच म्हणाले. "सरी, सरी, पटलं." आणि पुढं होऊन त्यांनी मधुकरच्या नव्या कोटाची बाही उभी फाडली.

बोटांवर शाई होती, ती सगळ्यांना रोज दिसायची. शाईच्या वर मनगट निळं होतं. मनगटाच्या वर कोपरापर्यंत निळं. कोपराच्या वर गोरी कातडी सुरू होत होती, तिथं दोरी बांधावी तशी सरळ रेघ होती. पहार लांब, रांजण तिला पुरत नव्हता. टोक वर राहू नये म्हणून त्यानं ती कोपर बुडेपर्यंत आत दाबून आडवी केली होती.

"शाई आहे ती," मधुकर कण्हत म्हणाला. "साहेब, शाई..."

काकूनं मोगरी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच हसली.

६

पुढचं दोन दिवसांत बाहेर आलं. मधुकरच्या घरात विश्वासरावच्या खोट्या सहीचं मुखत्यारपत्र निघालं. त्यावर तो आवार एका सिनेमावाल्याला विकणार होता. मालक इकडं येत नाही तोवर ठीक, आणि यावंसं वाटू नये म्हणून दरवर्षीची पत्रं. बारा वर्षं त्यानं मालकापासून जे लपवलं ते खरं तर अख्ख्या पेठेला दिसत होतं. विश्वासरावनं त्या दुपारी पत्रं त्याच्या तोंडावर फेकली आणि पोलिसांत जातो म्हणून पाठ फिरवली. सकाळची थप्पड मधुकरला ठाऊक होती. पहार तिथंच पडलेली. मालक मेला, रंगारी फासावर गेला, की आवार मोकळं. रक्त उडालेला जुना कोट त्यानं जाळला, धोब्याला फुकट बदनाम केलं. लपवायचं सगळं त्यानं नीट लपवलं. बुडाला तो खरं लिहायच्या खोडीनं.

काका सुटले. दोन आठवडे मी निळ्या कपाळानं कोर्टात गेले. एका जज्जांनी विचारलं, "मॅडम, हे काय?" मी म्हणाले, "पुरावा."

एकतीस मार्चला दुपारी मी आवारात जाऊन बसले. मुद्दामच. दुसऱ्या दिवशी बारा वर्षं पुरी होत होती. "आज कुणाशी काही बोलायचं नाही," मी काकांना सांगितलं. ते पुढचे दोन दात नसलेल्या तोंडानं हसले.

चारच्या सुमारास फाटकाशी नयना आली. नवरा जिथं पडला ती जागा तिला बघायची होती. काकूनं दाखवली. ती तिथं उभी राहिली, खाली वाकली, मातीला हात लावला. मग काका उठले.

"काका," मी म्हणाले. "काका, बसा."

ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "अक्का, तुमच्या नवऱ्याच्या मी दोन मुस्काटात मारल्या. सगळ्यांसमोर मारल्या. माफी मागायला गेलो असतो संध्याकाळी, राग उतरल्यावर. तेवढा वेळ मिळाला नाही. आता सगळ्यांसमोर मागतो." त्यांनी हात जोडले. "आणि जागा तुमची आहे. तुमची परवानगी असेल तर इथं कापड वाळवतो. नसेल तर संध्याकाळपर्यंत बांबू काढतो."

"काका!" मी किंचाळलेच. "एक दिवस! एक दिवस राहिला होता!"

नयनानं माझ्याकडे पाहिलं. "वकीलबाई, ह्यांनी मला हे विचारलं. आता उद्या काय होईल?"

एरवी मी अशिलाला बुडू दिलं नसतं, पण त्या बाईशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. "काही होणार नाही," मी म्हणाले. "त्यांनी परवानगी मागितली. जागा तुमचीच राहील."

एका दोरीवरचं निळं कापड ओझ्यानं खाली आलं होतं, त्याचा पदर मातीत लोळत होता. तिनं तो उचलला, झटकला आणि नीट दोरीवर टाकला. बोटांना निळा रंग लागला, तो पुसला नाही.

"कुणी काय विचारलं?" ती म्हणाली. "मी काही ऐकलं नाही. मी तर आज इथं आलेच नाही, परवा येणार आहे." आणि ती मागं न बघता फाटकातून बाहेर गेली.

काका तसेच हात जोडून उभे. काकू ओक्साबोक्शी रडत होती, आणि मीही, हो, मीही. उभी हयात मी कोर्टात लोकांची लपवाछपवी उघडी पाडली. हे एवढं मात्र मी लपवलं, नयना जिवंत होती तोवर कुणालाही सांगितलं नाही.